पुस्तक वाचून रडणाऱ्या बायका

'कसं वाटलं पुस्तक?' असं कुणी विचारलं आणि आपण म्हटलं, 'अहो, रडूच आलं मला', की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक बारीकसं हसू उमटतं. बायकांचं वाचन म्हणजे असंच, असा त्या हसण्याचा अर्थ. एकदा एका व्याख्यानानंतर एका विद्वान गृहस्थांनी मला समजावून सांगितलं होतं की, रडू येणं ही प्रतिक्रिया झाली, ते मत नव्हे. मत म्हणजे कथानकाची बांधणी, पात्ररचना, भाषाशैली वगैरे. मी कला शाखेची पदवीधर आहे, ही यादी मीही परीक्षेत लिहून आलेली आहे. पण तरी त्यांचं म्हणणं काही मला पटलं नाही. का पटलं नाही, ते एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या निमित्ताने सांगते.

पुस्तक आहे चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल'. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सुरू होऊन नाताळच्या दुसऱ्या दिवशी संपणारी, जेमतेम शंभरएक पानांची छोटी कादंबरी. १९ डिसेंबर १८४३ रोजी ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. किंमत होती पाच शिलिंग. ही किंमत लक्षात ठेवा, मैत्रिणींनो, कारण या गोष्टीतल्या गरीब कारकुनाचा आठवड्याचा पगार आहे पंधरा शिलिंग. म्हणजे ज्याच्यावर पुस्तक लिहिलंय त्याला ते विकत घ्यायचं तर आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. एबेनेझर स्क्रूज नावाचा एक कवडीचुंबक म्हातारा. पैसा अमाप, पण ना स्वतः खाईल ना दुसऱ्याला खाऊ देईल. त्याच्या पेढीवर बॉब क्रॅचिट नावाचा कारकून कुडकुडत काम करतो, कारण कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत. नाताळची एक दिवसाची भरपगारी सुट्टी द्यायची, तर तीसुद्धा स्क्रूजला खिसा कापल्यासारखी वाटते. त्या रात्री त्याच्या मेलेल्या भागीदाराचं भूत येतं आणि मागोमाग तीन आत्मे. एक त्याला त्याचा भूतकाळ दाखवतो, एक वर्तमान, एक भविष्य. त्यात बॉबचं घर दिसतं, त्याचा कुबडी घेऊन चालणारा लहानगा टिम दिसतो, आणि पुढच्या वर्षी त्या पोराची रिकामी जागाही दिसते. सकाळी स्क्रूज जागा होतो तो पार बदललेला. बॉबच्या घरी भलीमोठी टर्की पाठवतो, दुसऱ्या दिवशी त्याचा पगार वाढवतो. टिम वाचतो. संपली गोष्ट.

आता अशा गोष्टीला 'हृदयस्पर्शी' म्हणून मोकळं होता येतं. पण ती पहिल्यांदा वाचली तेव्हा लोकांनी काय म्हटलं, ते मला गोष्टीइतकंच गमतीचं वाटतं.

थॅकरे हा डिकन्सचा समकालीन मोठा कादंबरीकार, आणि तसा प्रतिस्पर्धीच. त्याने १८४४च्या फेब्रुवारीत एका मासिकात या पुस्तकाबद्दल लिहिलं. त्याचं म्हणणं असं की, अशा पुस्तकाविरुद्ध कुणी आक्षेप घेतला तर ऐकायचं तरी कुणी? हे पुस्तक म्हणजे सगळ्या देशाचं भलं आणि वाचणाऱ्या प्रत्येकावर केलेली मेहेरबानी. आणि याला आधार म्हणून त्याने कुणाचं मत दिलंय? दोन बायकांचं! त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या, लेखकालाही ओळखत नव्हत्या. पुस्तकाविषयी विचारल्यावर दोघींनीही टीका-समीक्षा काही केली नाही, लेखकाला नुसता आशीर्वाद दिला. देव त्याचं भलं करो, एवढंच. थॅकरेला ही समीक्षा पुरेशी वाटली. माझ्या त्या विद्वान गृहस्थांना हे सांगायला हवं होतं.

कार्लाइल हा त्या काळचा प्रकांड पंडित. त्यानेही पुस्तक वाचलं आणि त्याला एकदम माणसं जेवायला बोलवायची हुक्की आली. त्याची बायको जेन हिने डिसेंबर १८४३मध्ये आपल्या मामेबहिणीला पत्र लिहिलंय. पत्र लिहिण्यात जेनचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती लिहिते की, स्क्रूजच्या त्या दृश्यांनी नवऱ्याच्या डोक्याचा असा काही ताबा घेतलाय की, त्याला पाहुणचाराचा झटकाच आलाय, आणि मध्ये फक्त एक दिवस सोडून दोन मेजवान्या त्याने ठरवून टाकल्या आहेत. हे वाचून मला इतकं हसू आलं! नवऱ्याचं हृदय विरघळलं की स्वयंपाकघरात काय होतं, हे कुठल्याही गावच्या बाईला सांगायला नको. 'अगं, चारच माणसं आहेत' म्हणत दहा माणसं घेऊन येणारे सद्गृहस्थ आपल्याकडेही आहेतच की.

पण गंमत बाजूला ठेवू. या पुस्तकाच्या वाचकांचं रडणं नुसतं रुमालात गेलं नाही, हे खरं आहे. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनने १८७४ साली डिकन्सची नाताळची पुस्तकं वाचली, रडरड रडला आणि आता गरजवंतांना हात सैल सोडून द्यायचं, असा निश्चय केला. डिकन्स स्वतःच्या पुस्तकांचं जाहीर वाचन करत असे. पहिलं मोठं वाचन १८५३च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला झालं, ते याच पुस्तकाचं, आणि तिथे कामगारांसाठी कमी तिकिटात वेगळं वाचन त्याने मुद्दाम ठेवायला लावलं. पुढे १८६७ साली अमेरिकेत असंच वाचन ऐकून एक कारखानदार इतका हेलावला की, त्याने नाताळच्या दिवशी कारखाना बंद ठेवला आणि प्रत्येक कामगाराच्या घरी टर्की पाठवली. नॉर्वेची राणी मॉड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या अपंग मुलांना भेटी पाठवायची, त्यावर लिहिलेलं असायचं की या टिमकडून सप्रेम भेट आहेत. गोष्टीतल्या मुलाच्या नावाने!

आपल्याकडे 'श्यामची आई'चं काय झालं ते आठवून बघा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली. आजवर किती घरांत ती वाचताना आवंढे गिळले गेले असतील याची गणतीच नाही. तिच्यावरही 'रडकं पुस्तक' असा शेरा मारणारे होते आणि आहेत. पण पायाला माती लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, हे सांगणारी ती आई कितीतरी मुलांच्या मनात कायमची जाऊन बसली. शेरा मारणाऱ्यांचं असं काही कुणाच्या लक्षात राहिलेलं मला दिसलेलं नाही.

असो. तर सगळ्यांना ते पुस्तक आवडलं असं मात्र नाही, आणि न आवडणाऱ्यांचं म्हणणं मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. १८४४ साली 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू' नावाच्या पत्राने एक तिरकस प्रश्न विचारला. बॉबच्या घरी टर्की गेली हे छान झालं, पण मग सगळ्यांना पुरेल एवढ्या टर्की नसताना ही टर्की कुणाच्या ताटातून गेली? त्याबद्दल लेखक गप्प का? प्रश्न विचारणारे अर्थशास्त्रवाले होते, गरिबांचे कैवारी वगैरे नव्हते. पण प्रश्न काही सोडून देण्यासारखा नाही.

दुसरं मत एका बाईचं आहे, मार्गारेट ऑलिफंटचं. ही बाई तिशीच्या सुमारास, १८५९ साली, विधवा झाली. पदरात लहान मुलं, पुढे भावाचा संसारही तिच्याच गळ्यात पडला. तिने लिहून लिहून सगळ्यांना जगवलं. कादंबऱ्याच शंभराच्या घरात लिहिल्या. डिकन्सच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १८७१ साली, तिने या पुस्तकाबद्दल लिहिलं की, हे तर टर्की आणि पुडिंगला देव्हाऱ्यात बसवणं झालं. मात्र त्याच लेखात तिने हेही मान्य केलं की, त्या काळी या पुस्तकाने सगळ्यांना एखाद्या नव्या धर्मग्रंथासारखं हलवून सोडलं होतं. मला ही बाई फार जवळची वाटते. रोजचं जेवण कशाने शिजतं हे जिला ठाऊक आहे, ती खाण्यापिण्याच्या वर्णनाला सहजासहजी भुलत नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी आम्ही बायका जमतो. कधी पुस्तक वाचून दाखवतो, कधी नुसतं सांगतो. गेल्या डिसेंबरात मी ही गोष्ट दोन बैठकांत सांगितली. इंग्रजीतून वाचायची आणि आपल्या मराठीतून सांगायची. वीसेक जणी होत्या. निवृत्त शिक्षिका, दुकानदारांच्या घरातल्या, अंगणवाडीच्या ताई, एक ख्रिस्ती बाई ज्या पूर्वी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, आणि पोळ्या करणाऱ्या एक मावशी. मावशी तशा वाचनालयाच्या सभासद नाहीत. दुपारच्या दोन कामांच्या मध्ये त्यांना तासभर मोकळा असतो, तेव्हा त्या येऊन बसतात.

टिमच्या रिकाम्या जागेचं वर्णन आलं तेव्हा सगळ्यांचे पदर डोळ्यांना लागले, हे तर झालंच. पण मग बोलणं सुरू झालं ते बॉबच्या बायकोवर. आणि इथे मला कळलं की, ज्या पुस्तकावर एवढ्या पंडितांनी लिहिलं त्यातलं स्वयंपाकघर बायका किती वेगळ्या डोळ्यांनी बघतात.

या बाईला पुस्तकात नावच नाही. ती फक्त मिसेस क्रॅचिट. अंगावरचा झगा दोनदा उसवून, आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवलेला. आपल्याकडे जसं दंड घातलेलं लुगडं असायचं, तसंच समजा. पण सण आहे म्हणून त्यावर स्वस्तातल्या फिती लावून ती नटली आहे. पदरी सहा मुलं. थोरली मार्था टोप्या शिवणाऱ्या बाईकडे उमेदवारी करते, सणाच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत काम संपवूनच ती घरी येऊ शकते. हे लेखकाने हवेतून काढलेलं नव्हतं. कामावर जाणाऱ्या मुलांच्या आणि मुलींच्या हालांविषयीचे सरकारी चौकशी आयोगाचे अहवाल तेव्हा प्रसिद्ध होत होते, त्यांत शिवणकामाच्या दुकानांतल्या पोरींचे तासन्‌तास नोंदवलेले आहेत. डिकन्सला आधी त्यावर एक पत्रक काढायचं होतं. मग त्याने ठरवलं की पत्रकापेक्षा गोष्टच जास्त जोरात लागेल.

घरात भट्टी नाही, म्हणून गूज नावाचा तो पक्षी भाजायला गल्लीतल्या बेकरीत दिलेला. लंडनमधले गरीब लोक तेव्हा असंच करत. आठवड्याला थोडे थोडे पैसे जमा करून सणाला गूज मिळवायचं, असे त्यांचे क्लबही असत. 'म्हणजे आपली दिवाळी फंडाची भिशीच की!' एकजण म्हणाली. पक्षी लहान, म्हणून सफरचंदाची चटणी आणि कुस्करलेले बटाटे घालून पुरवठ्याला आणलेला. आणि पुडिंग? ते कपडे उकळायच्या हंड्यात उकडलेलं, त्यामुळे झाकण काढल्याबरोबर धुण्याच्या दिवसाचा वास येतो. पुडिंग काढायला ती एकटीच आत जाते. नीट शिजलं नसेल तर? काढताना मोडलं तर? मागच्या भिंतीवरून येऊन कुणी चोरून नेलं असेल तर? पहिल्या दिवाळसणाला जावयासमोर अनारशाचा पहिला घाणा काढताना आमच्या एका काकूंची अशीच अवस्था झाली होती म्हणे. मग पुडिंग येतं, आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाला हे लहान आहे असं कुणीही म्हणत नाही, कुणाच्या मनातही येत नाही. या जागी मी थांबले. कारण समोर दोघीतिघी पुन्हा डोळे पुसत होत्या. टिमच्या मरणावर रडणं वेगळं आणि यावर रडणं वेगळं. आपल्या आईने ताटात वाढलेलं थोडं होतं आणि आपण ते थोडं आहे असं म्हटलं नाही, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांचं ते रडणं होतं.

त्या नर्सबाईंनी वेगळाच मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, 'नाताळची गोष्ट आहे, पण यात येशूचा जन्म फारसा येतच नाही. देवळात, म्हणजे चर्चमध्ये जाणं अगदी उभ्या उभ्या उरकलंय. आमच्याकडे आदल्या रात्रीची उपासना हाच खरा नाताळ.' हा आक्षेप इंग्रज वाचकांनीही घेतलेला आहे. पण त्याच पुढे म्हणाल्या, 'तरी त्या आत्म्याच्या झग्याखाली लपलेली ती दोन पोरं आहेत ना, मुलगा अज्ञान आणि मुलगी गरज, ती मात्र मी दवाखान्याच्या दारात बघितलीत. मुलगीच गरज आहे, हे त्याने बरोबर लिहिलं.'

मग आलं ते मालकाच्या नावाने प्याला उंचावणं. जेवण झाल्यावर बॉब म्हणतो, आजच्या जेवणाचे दाते स्क्रूजसाहेब, त्यांच्या नावाने घेऊ. त्याबरोबर बायकोचा चेहरा लाल होतो. तो माणूस इथे असता तर त्याला चांगलं पोटभर ऐकवलं असतं, असं ती म्हणते. शेवटी नवऱ्यासाठी आणि सणासाठी घेते, त्याच्यासाठी नाही. सगळ्या पुस्तकात स्क्रूजचा पगार किती अपुरा आहे हे कुणी रागाने बोलत असेल तर ही बिननावाची बाई. बॉब बिचारा सोशिक. त्याला चिडायला सवडच नाही, कारण त्याला नोकरी टिकवायची आहे. पण पंधरा शिलिंगात आठ माणसांचं कसं भागवायचं, याचा हिशेब जिच्या डोक्यात आहे तिला राग येणारच. मला विचाराल तर पुस्तकाचा कणा इथे आहे.

मावशी इतका वेळ गप्प होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, 'ताई, पगार कितीनं वाढवला?'

मी पुस्तक उघडून पुन्हा पाहिलं. आकडा दिलेलाच नाही! टर्की किती मोठी होती ते आहे, टिमच्या दुप्पट. ती पोचवायला गाडी करावी लागली तेही आहे. बॉब कामावर किती उशिरा आला तेही आहे, साडेअठरा मिनिटं. आकड्यांचा एवढा नेमका लेखक, पण पगार किती वाढला ते त्याने लिहिलेलं नाही.

'टर्की काय, एका दिवसात खाऊन होईल,' मावशी म्हणाल्या. 'आणि भट्टी नाही तर ती शिजवायची कुठे?'

हशा पिकला. पण प्रश्न खराच आहे. सणाच्या दिवशी सकाळी एवढा मोठा पक्षी घरी आला, त्याच वेळी गूज बेकरीत गेलेलं. बॉबच्या बायकोने त्याचं काय केलं, हे पावणेदोनशेहून अधिक वर्षांत कुठल्या समीक्षकाला पडलेलं कोडं आहे की नाही, कुणास ठाऊक.

त्यानंतरची चर्चा जरा तापली, आणि ती तापायलाच हवी होती. एकजण म्हणाली, 'आम्ही दिवाळीला कामवाल्या बाईला साडी देतो, फराळ देतो, मुलांना फटाके देतो. स्क्रूजसारखं नाही आमच्यात कुणी.' मावशी शांतपणे म्हणाल्या, 'देता की. पण साडी तुमच्या पसंतीची असते. आणि पोरगं तापानं फणफणलेलं असताना दोन दिवस राहिले, तर खाडे कापता.'

कुणी काही बोललं नाही. कोणत्या घराबद्दल त्या बोलत होत्या ते मी इथे लिहिणार नाही, आणि त्यांनीही नाव घेतलं नाही. सामाजिक कामाच्या निमित्ताने मी वीस वर्षं वस्त्यांमध्ये फिरते आहे. मी सांगते, साडीला कुणी नाही म्हणत नाही. भेट हवीच असते. त्या कारखानदाराने टर्की पाठवली तेव्हा कामगारांच्या मुलांना आनंद झालाच असणार, आणि मुलांचा आनंद ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पण भेट देणाऱ्याच्या हातात असते. यंदा दिली, पुढल्या वर्षी मन झालं नाही तर नाही. भरपगारी सुट्टी आणि वाढलेला पगार घेणाऱ्याच्या हातात येतो. १९८० साली पुण्यात मोलकरणी संपावर गेल्या होत्या, त्या काही साडी मिळत नाही म्हणून नव्हे. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी महिन्याला सुट्ट्या किती आणि खाडे कापायचे की नाही, हे आजही बहुतेक घरी ओट्यापाशीच ठरतं. आणि ठरवणारी बहुधा बाईच असते. इथे स्क्रूजला मिश्या नाहीत.

एका निवृत्त शिक्षिकेने हा सगळा मुद्दाच उडवून लावला. त्यांच्या मते गोष्टीला असं हिशेबाच्या वहीत बसवायचं नसतं. स्क्रूजचं मन पालटलं हेच महत्त्वाचं, पुढचं आपोआप होतं. त्यांचं म्हणणं मी मान्य करते, पण अर्धंच. मन पालटल्याशिवाय काही होत नाही हे खरं, आणि म्हणूनच रडवणारी पुस्तकं लागतात. आपोआप होतं हे मात्र खरं नाही. खुद्द डिकन्सचंच बघा ना. बारा वर्षांचा असताना, १८२४ साली, बाप कर्जापायी तुरुंगात गेला म्हणून हा पोरगा बुटाच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर लेबलं चिकटवायचा, आठवड्याला सहा शिलिंगांवर. गरिबांच्या मुलांसाठी त्याचं काळीज तुटायचं ते उगाच नाही. हे पुस्तक लिहिताना तो रडायचा, हसायचा, रात्री लंडनच्या रस्त्यांवरून पंधरा-वीस मैल चालायचा, असं त्यानेच एका पत्रात लिहिलंय.

त्याच वेळी घरी त्याची बायको कॅथरीन पाचव्या खेपेला गरोदर होती. पुढे तिला एकूण दहा मुलं झाली. तिने १८५१ साली एक छोटं पुस्तकही काढलं, टोपणनावाने, कुटुंबात रोज जेवायला काय करावं याच्या याद्यांचं. (हा प्रश्न तेव्हाही होताच तर!) आणि १८५८ साली चूल, शेकोटी, कुटुंब यांची गोड गोड वर्णनं करणाऱ्या या लेखकाने तिला घराबाहेर काढलं. मोठा मुलगा तेवढा तिच्याबरोबर गेला, बाकीची मुलं बापाकडे राहिली. हे कळल्यावर आमच्यातल्या काहीजणींचा पुस्तकावरचाच जीव उडाला. माझा नाही उडाला. पण मिसेस क्रॅचिटला नाव का नाही, याचा विचार मी तेव्हापासून जरा जास्त करते.

आमच्या त्या बैठकीनंतर काय झालं, तेही सांगते. पोळ्यावाल्या मावशी चार घरी काम करतात. जानेवारीत त्यांनी दोन घरी महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या मागितल्या. बाकीच्या दोन घरी आधीपासूनच मिळत होत्या. मागितलेल्यांपैकी एका घरी मिळाल्या. दुसऱ्या घरच्या वहिनी 'बघते, यांना विचारून सांगते' म्हणाल्या आहेत. त्या आमच्या वाचनालयाच्या सभासद आहेत, दोन्ही बैठकांना हजर होत्या, आणि पुडिंगच्या प्रसंगाला सर्वांत आधी पदर त्यांच्याच डोळ्यांना लागला होता. मावशी अजून वाट बघताहेत. मीही.